ओरिजिनल जातं कुठे? झेरॉक्स मशीनच्या रोलरांची आणि पट्ट्यांची गोष्ट

(ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी हा भाग लिहून काढला आहे. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

हेडफोन लावलेत? चला तर मग.

आजचा विषय आहे झेरॉक्स मशीन. पण त्यातल्या टोनरबद्दल किंवा लख्ख उजेडाबद्दल आज जास्त बोलायचं नाहीये. आज बोलायचंय ते मशीनच्या डोक्यावर बसलेल्या त्या झाकणासारख्या भागाबद्दल. आपण त्यात वीस-पंचवीस पानांचा गठ्ठा ठेवतो, बटण दाबतो, आणि एकेक पान सर्रकन आत जाऊन दुसऱ्या बाजूने बाहेर येतं. त्याला म्हणतात डॉक्युमेंट फीडर. आत असतात रबराचे रोलर, पट्टे, स्प्रिंगा आणि सेन्सर. एवढंच.

तुम्ही म्हणाल, यात इतिहास कसला? कागद ढकलायचा, झालं! पण मंडळी, कॉपी काढण्याचा सगळा इतिहास एका प्रश्नाभोवती फिरतो: ओरिजिनलचं काय करायचं? ते यंत्राच्या आत पाठवायचं, की बाहेर स्थिर ठेवायचं? आत पाठवलं तर काम झपाट्याने होतं, पण ते फाटायची भीती असते. बाहेर ठेवलं तर ते सुरक्षित राहतं, पण माणसाचा हात दुखतो. गेली जवळजवळ अडीचशे वर्षं उत्तर या टोकाकडून त्या टोकाकडे जात राहिलंय. आणि तुमच्या घरात आजोबांचा शाळा सोडल्याचा एकच दाखला शिल्लक असेल, तर हा प्रश्न तुमचाही आहे.

सुरुवात वाफेच्या इंजिनवाल्यापासून

जेम्स वॉट हे नाव शाळेत ऐकलंय ना? वाफेच्या इंजिनात मोठ्या सुधारणा करणारा स्कॉटिश माणूस. त्याचा धंदा वाढला तसा पत्रव्यवहार वाढला. प्रत्येक पत्राची नक्कल स्वतःजवळ ठेवायची, म्हणजे सगळं पुन्हा हाताने लिहायचं. वॉट याला कंटाळला आणि १७८० साली त्याने कॉपी काढण्याच्या एका पद्धतीचं पेटंट घेतलं.

पद्धत अशी. खास शाईने पत्र लिहायचं. शाई ताजी आहे तोवर त्यावर ओलसर केलेला, अगदी पातळ कागद ठेवायचा आणि दोन्ही मिळून दाबायचे. दाबण्यासाठी एका प्रकारच्या प्रेसमध्ये चक्क दोन रोलर होते, आपल्या उसाच्या रसाच्या गुऱ्हाळात असतात तसे. थोडी शाई पातळ कागदावर उतरायची. अक्षरं अर्थातच उलटी यायची, पण कागद इतका पातळ की मागच्या बाजूने सरळ वाचता यायचं. अमेरिकेत थॉमस जेफरसननेही अशी प्रेस वापरली.

म्हणजे बघा, ऑफिसातल्या कॉपीच्या इतिहासात रोलर पहिल्यापासून आहे, आणि ओरिजिनलही पहिल्यापासून त्याच्या तावडीत आहे. वॉटच्या प्रेसमध्ये तर ओरिजिनलची थोडी शाईच कॉपीला द्यावी लागायची.

पुढे शंभर वर्षांनी, १८८०च्या दशकात, स्टेन्सिल आलं. लंडनमध्ये डेव्हिड गेस्टेटनर, अमेरिकेत एडिसन आणि ए. बी. डिक. आपल्याकडे ज्याला 'सायक्लोस्टाईल' म्हणायचे तेच हे. तुमच्या आईबाबांना विचारा, परीक्षेचे पेपर, संघटनांची पत्रकं, सगळं सायक्लोस्टाईल असायचं. मराठीत लिटल मॅगझिनची चळवळ उभी राहिली तेव्हा १९५०च्या दशकात दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांचं 'शब्द' हे असंच सायक्लोस्टाईलवर निघालं. पण एक गोष्ट लक्षात घ्या. सायक्लोस्टाईलला आधी स्टेन्सिल कापावं लागतं. हातात आधीच असलेल्या कागदाची कॉपी त्यातून निघत नाही. सातबारा घेऊन गेलात तर तो पुन्हा टाईप करावा लागणार!

बँकवाल्याची युक्ती

आता १९२०च्या दशकातल्या न्यूयॉर्कमध्ये जाऊया. तिथे जॉर्ज मॅकार्थी नावाचा एक बँकर होता. तेव्हा अमेरिकन बँका वटलेले चेक ग्राहकाला परत द्यायच्या. नंतर वाद झाला तर बँकेकडे पुरावा काय? रोज ढिगाने येणाऱ्या चेकचे एकेक करून फोटो काढत बसणं तर शक्य नाही.

मॅकार्थीने काय केलं, चेक चालत्या पट्ट्यावर टाकायचे. पट्टा चेकला कॅमेऱ्यासमोरून नेतो. पण चालती वस्तू फोटोत हलते, धूसर येते. म्हणून त्याने फिल्मही चालती ठेवली! चेक पुढे सरकतो त्याच प्रमाणात फिल्म सरकते. फोटो विसाव्या हिश्शाचा लहान येणार असेल तर फिल्मचा वेग पट्ट्याच्या विसाव्या हिश्शाचा. दोघंही ताल धरून चालले की फिल्मच्या दृष्टीने चेक स्थिरच असतो. लोकलमध्ये बसून शेजारच्या रुळावर त्याच वेगाने धावणाऱ्या लोकलकडे बघा. समोरच्या खिडकीतला माणूस थांबलेला वाटतो ना? तेच हे.

या यंत्राचं नाव चेकोग्राफ. १९२८ साली कोडॅकने हा शोध विकत घेतला आणि 'रेकॉर्डॅक' या नावाने बाजारात आणला. पट्ट्यावरून कागद पळवत त्याची प्रतिमा घ्यायची, ही आजच्या फीडरमागची मूळ कल्पना इथे तयार झालेली दिसते. आणि हो, तिचा वारसा आपल्याकडेही आहे. भारतात चेक ट्रंकेशनची पद्धत २००८ला दिल्लीत, २०११ला चेन्नईत आणि २०१३ला मुंबईत सुरू झाली. तुमचा चेक आता शहरभर फिरत नाही. जमा करणारी बँक तो छोट्या स्कॅनरमधून सर्रकन पळवते, आणि पुढे जाते ती फक्त प्रतिमा. मॅकार्थीला हे बघून नक्कीच आनंद झाला असता.

स्थिर राहा, हलू नका!

आता आपल्या गोष्टीचा नायक. चेस्टर कार्लसन. न्यूयॉर्कमध्ये एका कंपनीच्या पेटंट विभागात काम करायचा. पेटंटच्या कागदपत्रांच्या प्रती कधीच पुरेशा नसायच्या. पुन्हा लिहा, पुन्हा टाईप करा. त्यात डोळे अधू आणि पाठीच्या कण्याला संधिवात.

२२ ऑक्टोबर १९३८. अॅस्टोरिया भागातल्या एका खोलीत कार्लसन आणि त्याचा मदतनीस ऑटो कोर्नेई यांनी गंधकाचा थर दिलेली जस्ताची पाटी कापडाने घासून तिच्यावर स्थिर विद्युत आणली. काचेच्या पट्टीवर शाईने तारीख आणि गावाचं नाव लिहिलं होतं, ती पट्टी पाटीवर ठेवून वरून दिवा लावला. मग बारीक भुकटी टाकली, फुंकर मारली. अक्षरं उमटली! मेणकागदावर ती उचलून घेतली. जगातली पहिली झेरॉक्स.

लक्षात घ्या, या प्रयोगात एकही चाक नव्हतं, एकही रोलर नव्हता. सगळं हाताने. वीसहून जास्त कंपन्यांनी कार्लसनला नकार दिला. शेवटी बॅटेल ही संशोधन संस्था आणि रोचेस्टरची हॅलॉइड ही छोटी कंपनी मदतीला आली. पहिल्या कॉपीपासून बाजारात चालणाऱ्या मशीनपर्यंत २१ वर्षं गेली. त्यातला मोठा वेळ गेला तो एका साध्या वाटणाऱ्या कामात: हे सगळं हाताशिवाय, एकामागून एक, आपोआप कसं करायचं?

१६ सप्टेंबर १९५९. झेरॉक्स ९१४ जगापुढे आलं. वजन जवळजवळ ३०० किलो. मिनिटाला सात कॉपी. ९ इंच बाय १४ इंचांपर्यंतचा कागद चालायचा, म्हणून नाव ९१४. महिना ९५ डॉलर भाडं.

बाजारात तेव्हा दुसरी मशीनं नव्हती का? होती. थ्री-एम कंपनीचं थर्मोफॅक्स १९५०पासूनच होतं. पण त्यात ओरिजिनल आणि खास कागद एकत्र करून आत सारायचे. पट्टा दोघांना गरम दिव्याखालून न्यायचा. म्हणजे एक कॉपी हवी तर ओरिजिनलची एक फेरी, दहा हव्या तर दहा फेऱ्या. पुस्तकाची कॉपी? विसरा! पान फाडल्याशिवाय आत जाणार कसं?

९१४ने हे सगळं उलटं केलं. ओरिजिनल काचेवर पालथं ठेवा, बस. ते हलणार नाही. काचेखालून उजेड सरकेल, ड्रम फिरेल, साधा कागद ट्रेमधून येईल आणि जाईल. पळापळ सगळी आतल्यांची, ओरिजिनल मात्र आरामात. म्हणून पुस्तक चालायचं, फोटो चालायचा, चुरगळलेली पावती चालायची, तुमचा स्वतःचा हातसुद्धा चालायचा!

अर्थात आतला कागद शहाण्यासारखा वागेलच असं नाही. टोनर पक्का करायला आत प्रचंड उष्णता असते. कागद नेमका तिथे अडकला की काय होणार? जळणार! आग लागायची खरोखर. कंपनी मशीनसोबत छोटं अग्निशामकही द्यायची आणि त्याला नाव दिलं होतं 'स्कॉर्च एलिमिनेटर'. आग म्हणायचं नाही, 'करपणं' म्हणायचं! ग्राहकहक्कांसाठी लढणारे राल्फ नाडर यांनी तर त्यांच्या ऑफिसातलं मशीन चार महिन्यांत तीनदा पेटल्याचं सांगितलं होतं. रोलरने वेळेवर कागद पुढे नेला नाही तर काय होतं, याचं याहून स्पष्ट उदाहरण नाही.

सात हजार पानं, एका वेळी एक

काच सुरक्षित, पण हात दुखतो, असं सुरुवातीला म्हटलं. हात किती दुखू शकतो ते ऐका.

१९६९ची शरद ऋतूतली रात्र, लॉस एंजेलिस. डॅनियल एल्सबर्ग हा संरक्षण क्षेत्रातला विश्लेषक. व्हिएतनाम युद्धाबद्दल अमेरिकन सरकार लोकांना वर्षानुवर्षं खोटं सांगत आलंय, हे दाखवणारा सरकारचाच गुप्त अहवाल त्याच्याकडे होता. ४७ खंड, सुमारे ७००० पानं. मित्र अँथनी रुसोच्या मदतीने एका जाहिरात एजन्सीच्या ऑफिसात, रात्री सगळे घरी गेल्यावर, त्यांनी झेरॉक्स काढायला सुरुवात केली. झाकण उचल, पान ठेव, बटण दाब, पान काढ, पुढचं ठेव. रात्र संपली की खंड परत नेऊन तिजोरीत. एका रात्री एल्सबर्गचा १३ वर्षांचा मुलगाही मदतीला होता.

हे काम काही एका रात्रीत संपलं नाही, रात्रींमागून रात्री चाललं. प्रत्येक पानामागचे ते काही सेकंद म्हणजे पकडलं जाण्याची वाढणारी शक्यता. १३ जून १९७१ला 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्यातला मजकूर छापायला सुरुवात केली आणि सरकार हादरलं. एल्सबर्गवर खटला झाला. शिक्षा झाली असती तर ११५ वर्षांपर्यंत तुरुंग. १९७३मध्ये खटला रद्द झाला.

हाताने पान ठेवायचं म्हणजे काय, हे त्या ७००० पानांना विचारा.

हात मागे पडला

दरम्यान मशीनं सुसाट सुटली होती. १९६०च्या दशकाच्या मध्यात झेरॉक्सचं २४०० आलं. तासाला २४०० कॉपी, म्हणजे मिनिटाला ४०. १९७४ला ९२०० आलं. मिनिटाला १२०, सेकंदाला दोन! आता सांगा, कुठला माणूस सेकंदाला दोन पानं काचेवर ठेवणार? एकाच पानाच्या शंभर कॉपी हव्या असतील तर ठीक. पण ५० पानांच्या अहवालाची एकेकच कॉपी हवी असेल तर इतकं महागडं मशीन माणसाच्या हाताची वाट बघत बसणार.

म्हणून कागदाला पुन्हा आत ढकलायचं ठरलं. काच तीच, पण तिच्यावर रुंद पांढरा पट्टा आला. रोलर गठ्ठ्यातून एक पान उचलतो, पट्टा ते काचेवर ओढून नेतो, कडेच्या अडसराला टेकवून थांबवतो. उजेड पडतो. पट्टा पुन्हा फिरतो, पान बाहेर, पुढचं आत. माणसाचा हात जे करत होता तेच, फक्त न थकता.

एकच पान कसं निघतं?

इथे थोडं थांबूया, कारण खरी कमाल इथे आहे. गठ्ठ्यातून *एकच* पान काढायचं कसं?

घरी करून बघा. पंधरा-वीस कोरी पानं टेबलावर ठेवा, वरच्या पानावर बोट दाबून पुढे सरकवा. बहुतेक वेळा एकच पान सरकेल. कारण बोट आणि कागद यांच्यातलं घर्षण हे कागद आणि कागद यांच्यातल्या घर्षणापेक्षा जास्त असतं. बँकेतला कॅशियर स्पंजला बोट लावतो ते यासाठीच. फीडरमधला पहिला रबरी रोलर म्हणजे हे बोट.

पण 'बहुतेक वेळा' चालत नाही ना! शंभरातून एकदा जरी दोन पानं एकत्र गेली तर एक पान कॉपीतून गायब, आणि कुणाला कळणारही नाही. करारनाम्यातलं सातवं पान नाहीसं झालं तर?

म्हणून पुढे दोन रोलरांची जोडी असते. वरचा कागदाला पुढे ढकलतो. खालचा चक्क उलटा फिरायला बघतो! पण त्याच्यात एक अशी क्लच असते की ठरावीक जोरापेक्षा जास्त ओढ लागली की तो हट्ट सोडतो आणि ओढेल तिकडे फिरतो.

आता बघा काय होतं. दोघांच्या मधून एकच पान आलं, तर वरचा रोलर पानाला ओढतो, पान खालच्या रोलरला ओढतं. ओढ जोरदार, म्हणून खालचा नमतो आणि पुढच्या दिशेला फिरतो. पान निघून जातं. पण दोन पानं आली तर? दोन कागदांमधलं घर्षण कमी, त्यामुळे वरच्या रोलरची पूर्ण ओढ खालच्या रोलरपर्यंत पोचतच नाही. मग खालच्याचा हट्ट जिंकतो. तो उलटा फिरतो आणि दुसऱ्या पानाला मागे सारतो. 'थांब, तुझा नंबर नंतर!'

यात ना कॅमेरा आहे, ना कॉम्प्युटर. नुसत्या घर्षणातल्या फरकावर यंत्राला 'एक' आणि 'दोन' यातला भेद कळतो. मला तरी हे फार सुंदर वाटतं. स्वस्त मशीनमध्ये खालच्या रोलरऐवजी नुसती रबराची किंवा बुचाची पट्टी असते. तत्त्व तेच, हट्टीपणा जरा कमी.

पुढची अडचण: पान तिरकं आलं तर? त्यासाठी आणखी एक जोडी असते, पण ती सुरुवातीला थांबलेली असते. पानाची कड येऊन तिच्यावर आपटते. मागून ढकलणं चालूच, त्यामुळे पान मधे थोडं फुगतं आणि त्याची पुढची कड दोन्ही रोलरांच्या फटीत सरळ बसते. मग ही जोडी फिरू लागते. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत पुढच्याला भिंतीला टेकून उभं करायचे, तसं. मशीनमधून येणारा तो हलका 'टप्' आवाज बऱ्याचदा याचाच असतो.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, कागद जास्त का अडकतो? हवेतला ओलावा कागद शोषतो, तो मऊ पडतो, वाकतो, पानं एकमेकांना चिकटतात. घर्षणाचं सगळं गणित बिघडतं. झेरॉक्सवाला कागदाचा गठ्ठा ट्रेमध्ये घालण्याआधी फडफडवतो तो सवयीने नाही, पानांमध्ये हवा जावी म्हणून. आणि रोलर जुना झाला, त्यावर कागदाची धूळ बसली की तो गुळगुळीत होतो. म्हणून कधीकधी नुसता ओल्या कापडाने पुसला की मशीन पुन्हा चालू!

गोल गोल फिरणारी पानं

१९७५ला कोडॅक कॉपियरच्या धंद्यात उतरली, आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात तिच्या एक्टाप्रिंट मशीनांनी एक नवीन गोष्ट रुळवली: पुन्हा पुन्हा फिरवणारा फीडर.

समजा २० पानांच्या नोट्सचे १० संच हवेत. साध्या मशीनवर पहिल्या पानाच्या १० कॉपी, मग दुसऱ्याच्या १०. शेवटी २०० पानं जमिनीवर पसरून संच लावत बसायचं. कॉलेजात कुणी हे केलं असेल तर हात वर करा! नाहीतर मशीनच्या शेजारी कप्प्याकप्प्यांचं कपाट जोडायचं, ते जागा खाणार.

नव्या फीडरने डोकं चालवलं. गठ्ठ्याच्या *तळातून* पान ओढायचं, काचेवर न्यायचं, एकच कॉपी काढायची, आणि ओरिजिनल परत गठ्ठ्याच्या *वर* आणून ठेवायचं. २० पानं झाली की एक संच तयार, आणि गठ्ठा पुन्हा पहिल्यासारखा. मग दुसरी फेरी. तळातून पान काढताना वरच्या गठ्ठ्याचं वजन असतं, म्हणून अशा फीडरमध्ये पानांच्या मधे हवेचा झोत सोडतात आणि भोकं असलेल्या पट्ट्यांनी पान शोषून धरतात. झेरॉक्सनेही १९८०च्या दशकात १०७५सारख्या मशीनांवर हेच तंत्र वापरलं.

छान ना? पण ओरिजिनलच्या बाजूने बघा. दहा संच म्हणजे प्रत्येक ओरिजिनलला दहा चकरा. शंभर संच म्हणजे शंभर चकरा! ९१४च्या काचेवर आरामात पडलेलं ओरिजिनल आता गिरणीत सापडलं. कोपरा दुमडलेला असेल, स्टेपलची पिन राहिली असेल, तर कुठल्यातरी फेरीत ते फाटणारच.

आणि माणसांचा गोंधळ वेगळाच. झेरॉक्सच्याच कॅलिफोर्नियातल्या पार्क या संशोधन केंद्रात लूसी सचमन ही मानववंशशास्त्रज्ञ होती. तिने माणसं मशीन वापरताना कशी अडखळतात याचं चित्रण केलं. काम साधं होतं: बांधलेल्या पुस्तकातल्या लेखाच्या पाठपोट कॉपी काढा. पण पाठपोट काम फिरत्या फीडरमधून व्हायचं आणि फीडरला सुटी पानं लागतात. म्हणजे आधी पुस्तक काचेवर ठेवून सुट्या कॉपी काढायच्या, मग त्या कॉपीच 'ओरिजिनल' समजून फीडरमध्ये घालायच्या. हे मधलं पाऊल लोकांच्या डोक्यात शिरायचंच नाही. चित्रणातली एक जोडी तर संगणकशास्त्रातली बडी मंडळी होती, अॅलन न्यूएल आणि रॉन कॅपलन. तीही अडकली! तिचं पुस्तक १९८७ला आलं आणि आज अॅप डिझाइन शिकणाऱ्यांनाही ते वाचायला सांगतात. चूक वापरणाऱ्याच्या अकलेत शोधू नका, यंत्र आणि माणूस यांच्यातल्या संवादात शोधा, हा त्यातला धडा.

असाच जूलियन ऑर. त्याने झेरॉक्स दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांसोबत वेळ घालवला. मॅन्युअलमध्ये नसलेलं ज्ञान ते कसं मिळवतात? जेवताना एकमेकांना किस्से सांगून. 'त्या ऑफिसातलं मशीन असं करायचं, मग मी असं केलं.' आपल्या गल्लीतल्या मेकॅनिकला हे वाचायची गरज नाही. तो रोज तेच करतो.

एकदाच आत, मग मोकळं

१९९०ला झेरॉक्सचं डॉक्युटेक आलं. मिनिटाला १३५ पानं. पण वेगापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे त्याला आठवण होती. ओरिजिनल एकदाच स्कॅन करायचं, मेमरीत ठेवायचं, आणि मग हवे तितके संच छापायचे. शंभर चकरांची एक चकर झाली. फिरता फीडर हळूहळू नाहीसा झाला. आज कोपऱ्यावरच्या दुकानात जो फीडर दिसतो तो याच पिढीतला. काही मशीनांत तर पानाच्या दोन्ही बाजू एकाच फेरीत टिपतात, आणि दोन पानं एकत्र गेली तर ध्वनिलहरींनी ओळखतात.

आपल्याकडे १९८३ला मोदी उद्योगसमूह आणि रँक झेरॉक्स यांची मोदी झेरॉक्स ही भागीदारी झाली आणि कारखाना उत्तर प्रदेशात रामपूरला उभा राहिला. पुढे कंपनीचं नाव म्हणजेच कॉपी असं होऊन बसलं. आज मशीन कुठल्याही कंपनीचं असो, पाटीवर 'येथे झेरॉक्स काढून मिळेल' असंच असतं.

आणि आता? आता तुमच्या खिशातला फोन. जून २०२०मध्ये कॅमस्कॅनरवर बंदी आली तेव्हा किती जणांची पंचाईत झाली आठवतंय? फोनने स्कॅन करताना ओरिजिनल कुठे असतं? टेबलावर. स्थिर. म्हणजे फिरून आपण ९१४च्याच काचेपाशी आलो, आणि ७००० पानं असतील तर पुन्हा एल्सबर्गच्या रात्रींपाशी!

मग आपण काय करायचं?

हा प्रश्न आपल्याकडे नुसत्या सोयीचा नाही. जात पडताळणीसाठी पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे, कधी त्याहून जुने पुरावे लागतात. पणजोबांच्या शाळेचा उतारा, जुनं खरेदीखत, मोडीतली एखादी नोंद. त्या एका कागदावर कुणाचं अॅडमिशन, कुणाची नोकरी अडलेली असते. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांमध्ये बांधलेले मोडी कागद आहेत, ते कुणी फीडरमध्ये घालेल का? नाही ना? मग घरातल्या पिवळ्या पडलेल्या कागदालाही तोच मान द्या.

रोलरला तुमचा कागद किती मोलाचा आहे ते कळत नाही. त्याला फक्त घर्षण कळतं. घडीवर विरलेला कागद, सेलोटेप लावलेला कागद, पिन राहिलेला कागद, कोपरा फाटलेला कागद, लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र, हे सगळं काचेवर. नव्या, सुट्या, सरळ पानांचा गठ्ठा खुशाल फीडरमध्ये. आणि काम झाल्यावर पानं मोजा. मशीन शंभरदा बरोबर मोजेल, पण करारनाम्यातलं सातवं पान तुमचं आहे.

दुकानात गर्दी असते, मागचा माणूस घाई करतो, झेरॉक्सवाला सवयीने गठ्ठा उचलून वर टाकायला जातो. अशा वेळी निःसंकोच सांगा, 'दादा, हे ओरिजिनल एकच आहे, काचेवर घ्या.' तो घेईल. त्यालाही माहीत असतं, आत गेलेलं सगळंच तसंच बाहेर येतं असं नाही.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरातला सगळ्यात जुना कागद कोणता आणि त्याची कॉपी तुम्ही कशी जपली आहे, ते आम्हाला जरूर कळवा. भाग आवडला तर त्या मित्राला पाठवा, जो परीक्षेच्या आदल्या रात्री नोट्सचा गठ्ठा घेऊन झेरॉक्सच्या दुकानात धावतो. भेटूया पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि हो, ओरिजिनल काचेवर विसरू नका!